बुध्या पळाला नव्हता

आप्पा,

तुमच्या दिवसांना तुमचा वर्दीतला फोटो ठेवला होता. छाती पुढे, मिशा काळ्याभोर, नजर समोर रोखलेली. हार घालताना मला वाटलं, हा माणूस मी कधी पाहिलेलाच नाही. माझ्या ओळखीचे आप्पा म्हणजे नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात मफलर आणि हातात रंगाऱ्याचा मऊ ब्रश. कोणीतरी म्हणालं, "सुनंदा, तू त्यांच्या हाताखाली एवढी वर्षं काढलीस, दोन शब्द बोल." मी उठले, हात जोडले आणि परत खाली बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तोंडी नको, लिहून दे." म्हणून लिहायला बसले आहे.

घाटावरच्या त्या छावणीत मी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवायचा की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही कधी. दप्तराची खोली म्हणजे इंग्रजांच्या काळातला खेचरांचा तबेला. भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच होत्या आणि जिथं खेचरं बांधायची तिथं कपाटांच्या रांगा होत्या. पलटणीतली नोकरी संपवून तुम्ही त्याच छावणीत हे दप्तर सांभाळायला राहिला होता, आणि मी कागदांच्या याद्या करायला कंत्राटावर आलेली कारकून.

"कुठली तू?"

"जव्हारकडची."

"जव्हारकडची सगळीच असतात. गाव सांग."

"मोखाड्याच्या पुढं, पाड्यावरची."

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि एकदम घरच्या बोलीत विचारलंत, यंदा नागलीचं पीक कसं आहे म्हणून. सकाळपासून सगळीकडे वर्दीतलं हिंदी ऐकून माझे कान बधिर झाले होते. ती बोली ऐकली आणि मला रडू आलं. तुम्ही मान फिरवून कपाट झटकत राहिलात, माझं रडून होईपर्यंत.

मग तुम्ही मला तीन आठवडे पेन धरू दिलं नाही. फक्त ब्रश. वहीच्या पाठीकडून कडेकडे, एकाच दिशेनं, धूळ बाहेर. कसर लागलेलं पान उलटताना श्वाससुद्धा हलका घ्यायचा. मी घरी आईला सांगितलं होतं, सरकारी नोकरी लागली, आणि इथं झाडलोटच चालली होती. एक दिवस वैतागून म्हटलं, "आप्पा, या कागदांमध्ये आहे तरी काय?" तुम्ही एक दैनंदिनी उघडून माझ्यापुढं ठेवलीत. लढाईवर गेलेली प्रत्येक तुकडी रोजच्या रोज लिहिते ती वही. त्या पानावर लिहिलं होतं, आज पाऊस, चारा भिजला, दोन माणसं तापानं पडली, पीठ संपलं. मी म्हटलं, "यात लढाई कुठाय?" तुम्ही म्हणालात, "हीच." आणि चहा आणायला गेलात.

परत आलेल्या टपालाची पेटी तुम्ही माझ्याकडे दिलीत ती माझ्या दुसऱ्या वर्षी. पत्ता न सापडल्यामुळे फिरून छावणीत आलेली पाकिटं होती त्यात, दुसऱ्या महायुद्धातली. कित्येक तर फोडलेलीसुद्धा नव्हती. मी एकेक काढून नाव-गाव यादीत उतरवत होते. एका पाकिटावर इंग्रजीत नाव होतं बुध सिंग याच्या बायकोचं, गाव जमशेर, संस्थान जावर.

"आप्पा, जमशेर कुठं आलं? पंजाबात?"

तुम्ही पाकीट हातात घेतलंत. भिंग लावलंत. मग भिंग खाली ठेवून तुम्ही स्टुलावर बसलात.

"जावर म्हणजे जव्हार," तुम्ही म्हणालात. "आणि जमशेर म्हणजे जामसर. माझं गाव."

तेव्हा तुम्ही मला बुध्याची गोष्ट सांगितलीत. जामसरला कोणी काम अर्धं टाकून निघालं की लोक म्हणत, "बुध्या झाला." खेळात कोणी हरायच्या भीतीनं घरी पळालं की पोरं ओरडायची, "बुध्या पळाला, बुध्या पळाला." हा बुध्या म्हणजे बुधा लखमा. संस्थानच्या काळात भरतीवाल्यांबरोबर खेचरांच्या तुकडीत गेला आणि परत आला नाही. पगार नाही, पत्र नाही, निरोप नाही. गावानं ठरवलं, पळाला. तिकडंच कुठंतरी दुसरं घर केलं. मागं राहिली बायको आणि तो गेल्यावर जन्मलेली लेक, कमळी. बायको गेली तीही पळपुट्याची बायको म्हणूनच. कमळीबाय म्हातारी झाली होती, पण लोकांच्या तोंडची म्हण काही म्हातारी झाली नव्हती.

"मीही ओरडलोय," तुम्ही म्हणालात. "लहान होतो तेव्हा. तिच्या दारासमोर."

आप्पा, तुमचा तो चेहरा मी विसरले नाही. पुढचे चार दिवस तुम्ही नावनोंदणीच्या वह्या उलट्यापालट्या केल्यात. तिथं सापडला बुधा लखमा, आणि शेजारी दुसऱ्या शाईत कोणा पंजाबी कारकुनानं सोपं करून लिहिलेलं बुध सिंग. मग त्या तुकडीची दैनंदिनी. ब्रह्मदेशाच्या बाजूची कुठलीशी नदी. एक ओळ होती: उथळ जागेवरून नदी ओलांडली, खेचरहाक्या बुध सिंग वाहून गेला, दोन खेचरं वाचली.

आणि तिथंच आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं, पाकीट फोडून पत्र कमळीआजीला द्यायचं. तुम्ही म्हणालात, पाकीट बंद आलंय, बंद राहील. तो दप्तरातला कागद आहे, त्याला आपण हात लावायचा नाही. जी माहिती हवी ती दैनंदिनीत आहे, तिची नक्कल देऊ.

"आत काय आहे हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?"

"छापील फॉर्म असणार. कळवण्यास दुःख होते, वगैरे."

"असू दे छापील. तिच्या आईच्या नावाचा आहे ना? पत्र ज्याच्या नावाचं त्याचं."

"आज एक पाकीट फोडलं, उद्या एक वही दिली, परवा तबेला रिकामा. मग पुढची कोणी शोधत आली तर तिला काय दाखवशील, कड्या?"

"पुढची येईल तेव्हा येईल. ही आज जिवंत आहे."

मी जरा मोठ्यानंच बोलले. बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. दोन दिवस आपण बोललो नाही. तुम्ही तुमचा डबा कपाटांच्या पलीकडं बसून खाल्लात आणि मी माझा अलीकडं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तुमच्या अक्षरातला एक अर्ज होता, छावणीच्या साहेबांच्या नावानं. मजकूर एवढाच, की सदर पाकीट दप्तराच्या खोलीतच, वारस मुलीच्या हातून उघडण्यास परवानगी मिळावी. खाली तुमची सही होती आणि तिच्याखाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "त्यांना आणायला गाडी पाठवू का?"

तुम्ही गाडी नको म्हणालात. स्वतःच जामसरला गेलात, कमळीआजीला घेऊन आधी जीपनं मोखाडा आणि तिथून एसटीनं घाट चढून आलात. आजी आयुष्यात पहिल्यांदा घाट चढली होती. लुगडं नवं नेसली होती. तबेल्यात शिरताना तिनं पायातल्या चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "आजी, राहू दे." ती म्हणाली, "माझा बापूस हाय ना आत?"

पाकीट फोडायला तिनं बराच वेळ घेतला. तुम्ही हाडाची पातळ सुरी दिलीत ती तिनं बाजूला ठेवली आणि नखानंच कड सोडवली. आत छापील फॉर्म होता, तुम्ही म्हणाला होता तसाच. पण त्याच्यामागे घडी घातलेला दुसरा कागद होता, पेन्सिलीनं लिहिलेला, मराठीत. त्याच तुकडीतल्या कोणा घाटावरच्या गड्यानं लिहिलेला. तुम्ही वाचायला लागलात.

"बुधा भला गडी होता. पाण्याला ओढ आहे, उतरू नको असं मी म्हटलं होतं. पण त्याची दोन जनावरं पलीकडं अडकली होती. ती सोडून तो आला नसता."

इथं तुमचा आवाज बसला. तुम्ही कागद माझ्याकडं दिलात. पुढचं मी वाचलं.

"जव्हारकडून नवा भरती झालेला एक गडी आला, त्यानं सांगितलं की बुधाच्या घरी लेक झाली. त्या दिवशी बुधानं खेचरांच्या शिध्यातला गूळ चोरला आणि आम्हा सगळ्यांना वाटला. हवालदारानं त्याला शिक्षा दिली, तर शिक्षा भोगतानाही हसत होता. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं."

साहेब टोपी हातात धरून उभे होते. आजीनं मला ते परत वाचायला लावलं, गुळाचं. मग तिसऱ्यांदा. आणि मग ती हसायला लागली, आप्पा. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. आधी मला वाटलं रडतेय.

"म्हंजे पळपुटा नाय," ती म्हणाली. "गूळचोर व्हता!"

तुम्ही खाली बसून तिच्या पायांना हात लावलात. "कमळीबाय, मी लहानपणी तुझ्या दारात ओरडायचो."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुझाच आवाज मोठा व्हता."

संध्याकाळी मी तुम्हाला चहा दिला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते पाकीट बंद राहिलं असतं तर..." आणि वाक्य तिथंच सोडलंत. माझं बरोबर होतं असं तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण त्या वाक्यानं माझं समाधान झालं. तरी अर्धंच. कारण पत्र आजीबरोबर गेलं नाही. तुम्ही तिला नक्कल दिलीत, सुरेख अक्षरात, आणि मूळ कागद कपाटात ठेवलात. तिनंही हट्ट धरला नाही. म्हणाली, माझ्या घरात वाळवी हाय, इथंच बरा हाय तो. मला आजही वाटतं, वाळवीनं खाल्लं असतं तरी ते तिच्या घरात खायला हवं होतं. यावर आपलं एकमत कधी झालं नाही आणि आता होणारही नाही. मी भांडायचं सोडलेलं नाही, एवढं कळवते.

त्यानंतरच्या रविवारी जामसरच्या शाळेच्या ओट्यावर तुम्ही गाव गोळा केलंत. मीही आले होते. दैनंदिनीतली ओळ आणि गड्याचं पत्र तुम्ही आधी मराठीत वाचलंत आणि मग आपल्या बोलीत सांगितलंत. माणसं माना खाली घालून ऐकत होती. सगळं झाल्यावर एक म्हातारा उठला आणि खरोखरच्या काळजीनं म्हणाला, "पण मंग आता काम टाकून पळणाऱ्याला काय म्हणायचा?" मागून एक बाई म्हणाली, "तुजा नाव घेऊ!" आणि सगळा ओटा हसला. कमळीआजी सगळ्यांत जास्त.

तुमची छावणीतली मुदत संपली आणि तुम्ही जामसरला भातशेतीत परत आलात, तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही सुटलात. मी तिथंच कायम झाले, तुमच्या जागी, तुमच्या स्टुलावर. पण तुम्ही कुठले सुटताय? तुम्ही वह्यांमधली आपल्या भागातली नावं कधीच उतरवून घेतली होती, अशीच वेडीवाकडी लिहिलेली. बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जाऊन चहाच्या टपरीपाशी बसायचात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायचात. लोकांना वाटायचं, कुठली तरी योजना आली. एका आजोबांनी तुमच्या हातात रेशनकार्डच दिलं होतं. तुम्ही मला फोनवर सांगितलंत आणि इतके हसलात की खोकला लागला. सुट्टीत मी आले की तुमच्याबरोबर पाडे फिरायचे. चार घरं सापडली आपल्याला. चारही घरी आपण जेवलो.

एकदा येताना आपण जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबलो होतो. पर्यटक फोटो काढत होते. छत्रपती महाराजांचा मुक्काम इथं झाला हे कोणी तरी कोणाला तरी समजावून सांगत होतं. तुम्ही गवतावर बसून पाय चोळत म्हणालात, "बघ, महाराजांच्या मुक्कामाला कागद लागला नाही. लोकांच्या तोंडी राहिला. बुध्याला मात्र कागद लागला."

"बुध्याही तोंडीच राहिला होता, आप्पा," मी म्हटलं. "फक्त उलटा."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "हे तू यादीच्या पहिल्या पानावर लिही," म्हणालात. मी लिहिलं नाही. तुमचीच शिकवण, यादीत शहाणपण लिहायचं नाही.

आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते सांगते.

तुमच्या तरुणपणी सीमेवर लढाई झाली, त्या वेळची तुमच्या पलटणीची दैनंदिनी तुम्ही मला कधी यादीला दिली नाहीत. "ती मी करीन," म्हणायचात, आणि केली नाहीत. छावणी सोडताना मात्र किल्ल्यांबरोबर ती माझ्याकडं आली. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यात एका पानावर दोन नावं आहेत. त्याचं घाल. माझं घालू नकोस." मी हो म्हटलं.

पान मी वाचलं. टेलिफोनची तार तुटली होती, ती जोडायला दोघं गेले. तार जोडली गेली. एक पहाटे परत आला. एक आला नाही. परत आलेल्याचं नाव तुमचं होतं.

वीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसले आणि तुम्ही त्या सोबत्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. बुध्या त्याची दोन जनावरं सोडून आला नसता हे वाचताना तुमचा आवाज का बसला, हे मला तेव्हा कळलं. आप्पा, मी तुमचं ऐकलं नाही. दोन्ही नावं घातली. त्याचं आधी, तुमचं नंतर, दैनंदिनीत आहेत त्याच क्रमानं. दर सुट्टीत सांगायचं ठरवायचे आणि दर सुट्टीत तुमच्या ओसरीवर बसून नुसती काकींच्या हातची भाकर खाऊन परत जायचे. तुम्ही रागावला असता की नाही, माहीत नाही. पण कपाटात असलेलं पान यादीत लपवायचं, हे तर तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं.

दिवसांची जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा काकी अंगणात ताटं विसळत होत्या. मीही बसले. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं तिथं हे काय करीत होते ग? मला सांगायचे, कागद झाडतो."

मी त्यांना सांगितलं. बुध्याचं त्यांना माहीत होतं. मी तारेचं सांगितलं. दोघं गेले, तार जोडली, एक परत आला. काकींच्या हातातलं ताट थांबलं.

"कंच्या सालचं?"

मी साल सांगितलं. त्यांनी ताट परत पाण्यात बुडवलं. मग म्हणाल्या, "रजेवर आले तेव्हा रोज रात्री झोपेत हात हलवायचे, असे, काहीतरी बांधल्यासारखे. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत." त्यांनी ताट पालथं घातलं. "त्या साली सासरे अंथरुणाला खिळलेले. पहिला लेक पोटात. भाताची सगळी आवणी मी एकटीनं केली. कापणी पण. हे ठाऊक होतं का त्यांना? पत्रातून कळवलं होतं मी, मास्तरांकडून लिहून घेऊन. पोचलं की नाही, कधी विचारलं नाही."

"त्या सालच्या परत आलेल्या टपालाची यादीही मीच केलीय, काकी. त्यात नाहीये ते. म्हणजे पोचलं असणार."

"पोचलं असणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ओल्या हातानं माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "वही आहे ना तुझ्याकडं? मग माझं पण लिव. त्या सालचा भात मी लावला."

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं, आप्पा. त्यांचं नाव, गाव जामसर, तालुका जव्हार, नीट, एकही अक्षर न चुकवता. ज्या साली नवरा सीमेवर होता त्या साली पोटुशी असताना एकटीनं भात लावला, कापला आणि घरात आणला. वाचून दाखवलं. काकींनी विचारलं, यात माझं नाव कुठलं? मी बोटानं दाखवलं. त्यांनी हात पदराला कोरडे केले, अक्षरांवरून एकदा हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "झकास. चल, तू जेवली नाहीस अजून."

मग आम्ही दोघी जेवलो.

सुनंदा